तीन काड्या आणि दोन गाठी

प्रिय आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं आजी. गळ्यातल्या कार्डावर होतं, पण तुमची लिपी मला येत नाही आणि माझी तुम्हाला. फिट्टंफाट.

ओसाकाजवळच्या मिनपाकु संग्रहालयात, ओशनियाच्या दालनात आपण भेटलो. बरोबर माझे बाबा होते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. खरं सांगते, मी जरा नाखुशीनेच आले होते. दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका संग्रहालयात मी काचेपलीकडच्या वस्तूंची वर्णनं करत होते आणि बाबा "हं, हं" करत माझं मन राखत होते.

इथे समोर ती होडी, 'चेचेमेनी'. मी बाबांना सांगितलं, ही १९७५ साली प्रशांत महासागरातल्या सातावाल बेटावरून निघाली आणि होकायंत्राशिवाय सुमारे तीन हजार किलोमीटर कापून ओकिनावाच्या सागरी प्रदर्शनाला पोचली. बाबांचा पहिला प्रश्न, "उलांडी आहे?" म्हणजे तोल राखायला होडीच्या बाजूला बांधलेला ओंडका. आहे. "खिळे?" तिथे मी अडकले.

तेव्हा तुम्ही मागून, सावकाश इंग्रजीत बोललात. खिळा नाही, बांधणी नारळाच्या काथ्याची. दिशा बदलायची तर शीडच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतात. पुढचं टोक मागचं होतं, उलांडी मात्र कायम वाऱ्याच्या बाजूला. सातावालचेच वाटाडे माउ पियालुग १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही शिडाची होडी हवाईहून ताहितीला घेऊन गेले, हेही तुमच्याकडूनच कळलं. जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं बेट!

मग मार्शल बेटांवरचा काड्यांचा नकाशा. मला तो मोडक्या टोपलीचा तुकडा वाटला होता. तो शब्दांत कसा सांगायचा, या विचारात मी असताना तुम्ही बाबांना बाकावर बसवलंत, पिशवीतून बांबूच्या तीन बारीक काड्या आणि दोरा काढलात, एक काडी वाकवून बांधलीत आणि बाबांचं बोट तिच्यावर ठेवलंत. ही गाठ म्हणजे बेट. ही वाकडी काडी म्हणजे बेटाला वळसा घालणारी लाट. दोन्हीकडून वळून आलेल्या लाटा बेटामागे इथे भिडतात. बोट पुढे सरकत होतं, मागे येत होतं.

"पण रात्री हा नकाशा दिसणार कसा?" बाबांनी विचारलं.

तुम्ही हसलात. तो होडीत नेतच नाहीत, म्हणालात. किनाऱ्यावरच पाठ करायचा. समुद्रात वाटाड्या होडीच्या तळाशी आडवा होतो आणि लाटांचा हेलकावा अंगाने ओळखतो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे डोळे मिटून." आणि गाठीपासून पुन्हा सुरुवात केली. तुमची घरी जायची वेळ झाली असावी, कारण सहकारी दोनदा येऊन डोकावून गेल्या. तुम्ही उठला नाहीत. मी मात्र त्या अर्ध्या तासात बाबांना एकाही वस्तूचं वर्णन केलं नाही. त्याचेही आभार.

त्या काड्या तुम्ही बाबांच्या खिशात घातल्यात. परतताना विमानात एक मोडली. बाबांनी तिच्या जागी झाडूचा हीर बसवलाय. मार्शल बेटांवरही हे नकाशे नारळाच्या हिरांचेच करतात, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? तुमच्या दोन गाठी तशाच आहेत. त्यांना हात लावायची मला परवानगी नाही.

तुमची,
बाबांची मुलगी