पिंकिंग कात्रीला सँडपेपर लावू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिवणकामाच्या सदरांत आणि व्हिडिओंत एक सल्ला पुन्हा पुन्हा दिला जातो : पिंकिंग कात्री, म्हणजे कापडाला नागमोडी कड देणारी दातेरी कात्री, कापेनाशी झाली की तिने सँडपेपरचे किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे चार तुकडे कापा, धार आपोआप येते. हा सल्ला चुकीचा आहे. सँडपेपरने तर चांगली कात्री कायमची बिघडते. वर्तमानपत्रात छापलेली युक्ती लोक विश्वासाने करून बघतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

साध्या कात्रीची दोन पाती एका वेळी एकाच बिंदूत भेटतात आणि तो बिंदू मुठीकडून टोकाकडे सरकत जातो. पिंकिंग कात्रीत एका पात्याचा प्रत्येक दाता समोरच्या पात्याच्या खाचेत बसतो आणि बाजूंनी तिला चिकटून उतरतो. तिची धार जिथे असते ती जागा नीट पाहावी. पात्याच्या कडेला एक अरुंद सपाट पट्टी असते आणि आतल्या बाजूला, म्हणजे समोरच्या पात्याकडे, पन्हाळ्यांसारख्या नाल्या असतात. पट्टी आणि नाल्या जिथे मिळतात ती नागमोडी कड म्हणजे धार. सँडपेपर कापताना त्याचे सुटलेले कण या नाल्यांत जाऊन बसतात आणि जे पृष्ठभाग एकमेकांत घट्ट बसायला हवेत, तेच घासून काढतात. एकदा तिथे फट पडली की कापड कापले जाण्याऐवजी त्या फटीत दुमडते. फॉइलने इतके नुकसान होत नाही. कडेवरचा चिकटा आणि बारीक कंगोरा निघाल्यामुळे कात्री थोडे दिवस बरी चालल्यासारखी वाटते. पण धार लागलेली नसते.

मुळात कापत नसलेली कात्री बोथटच झाली आहे, असे गृहीत धरू नये. बऱ्याचदा ती मळलेली, कोरडी पडलेली किंवा स्क्रूपाशी सैल झालेली असते. पातळ अस्तराचा एकेरी तुकडा घ्यावा, मुठीपासून टोकापर्यंत सावकाश कापावा आणि कापलेली कड उजेडात धरून पाहावी. मागे कापते पण टोकाकडे चावते, तर आधी स्क्रू तपासावा. दर वेळी त्याच जागी एक दाता सुटतो, तर तिथला दाता दबला आहे किंवा त्याचा टवका उडाला आहे. टाचणीवरून कात्री गेल्यावर हमखास असे होते. खाचांच्या तळाशी एक-दोन धागे लोंबत राहतात, तर नाल्यांच्या तळाशी कापडाचा भुगा ठासून बसलेला असतो. उघडझाप करताना करकर आवाज येतो, तर तेल हवे आहे. आणि सगळ्या लांबीवर सारखेच चावते, तेव्हाच धार गेली असे समजावे.

सफाईला पंधरा मिनिटे पुरतात. कात्री पूर्ण उघडून ठेवावी. कोरडा जुना टूथब्रश नाल्यांच्या दिशेने, स्क्रूपासून दूर फिरवावा. आडवा फिरवला तर भुगा एका नालीतून दुसरीत जातो आणि काही स्क्रूखाली सरकतो. घट्ट बसलेला भुगा लाकडी टूथपिकने काढावा, सुईने किंवा पिनेने नाही. पेस्टिंगचे बकरम कापत असाल तर त्याचा गोंद पात्यांवर पातळ थर धरतो. तो ब्रशने निघत नाही; सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसावा लागतो. पाणी वापरूच नये. ते स्क्रूच्या खाली जाऊन राहते आणि गंज तिथूनच, न दिसणाऱ्या जागी सुरू होतो.

मग तेल. शिलाई मशीनचे पातळ तेल, स्क्रूपाशी एक थेंब आणि नाल्यांवर तेलाचा हात पुसलेले फडके, एवढेच. वीस-पंचवीस वेळा उघडझाप करून बाहेर आलेले काळे तेल पुसावे आणि टाकाऊ सुती कापडावर डाग पडणे थांबेपर्यंत तीन-चार काप घ्यावेत. स्वयंपाकाचे तेल घालू नये. हवेने ते हळूहळू घट्ट आणि चिकट होते, भुगा धरून ठेवते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कात्री पहिल्यापेक्षा जड चालते. मग दोष कात्रीला दिला जातो.

स्क्रूचा ताण तपासण्यासाठी एक मूठ हातात आडवी धरून दुसरी वर उचलावी आणि सोडावी. धाडकन मिटली तर स्क्रू सैल. जागच्या जागी अडकून राहिली तर फार घट्ट किंवा आतून कोरडी. सावकाश खाली येऊन मध्यावर कुठेतरी थांबली तर ठीक. स्क्रू फिरवताना एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी कापडावर चाचणी. मागे नट असेल तर तो आधी ढिला करावा आणि शेवटी स्क्रू धरून ठेवून कसावा, नाहीतर नट कसताना स्क्रूही फिरतो. पेचकसाचे टोक स्क्रूच्या खाचेच्या रुंदीचेच हवे. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर घरी हातोडी उचलू नये. उगाच पूर्ण उघडून पाती सुटी करण्याचा मोह टाळावा, हे विशेष सांगावेसे वाटते : आतले वॉशर मागेपुढे झाले की पाती केसभर सरकतात आणि दाता खाचेत उतरण्याऐवजी दात्यावर चढतो. कात्री हातातून पडल्यावरही हेच होते. पडलेली कात्री लगेच कापडावर चालवू नये. उजेडासमोर धरून सावकाश मिटावी आणि दाते एकमेकांवर टेकत नाहीत ना, ते पाहावे.

आता वापर. ही कात्री धागे सुटणे थांबवत नाही, लांबवते. कापड धाग्याच्या रेषेत सरळ कापले की कडेचा धागा त्या कडेच्या पूर्ण लांबीचा असतो; तो सुटला की अख्खा निघतो, मग पुढचा. नागमोडी कडेत मात्र दात्यांमधले धागे जेमतेम काही मिलिमीटरचे असतात, आणि पहिला पूर्ण लांबीचा धागा खाचेच्या तळाच्या खाली असतो, दात्यांच्या कापडाने धरून ठेवलेला. शिवाय दात्याच्या बाजू धाग्यांना तिरप्या, जवळजवळ उरेब असतात, आणि उरेब कडेचे धागे सहज निघत नाहीत. म्हणूनच उरेब कापलेल्या कडेला पिंकिंगची गरज जवळजवळ नसते. विणलेल्या, म्हणजे होजियरीच्या कापडालाही नसते.

यावरून कुठे वापरायची ते आपोआप ठरते. घट्ट विणीचे सुती पॉपलीन, लोकरी कापड, अस्तर लावलेल्या कपड्यांच्या आतल्या शिवणी, इथे ती उत्तम. इंटरलॉकच्या दोऱ्याचा उंचवटा इस्त्री करताना पातळ कापडाच्या सुलट बाजूवर उमटतो. पिंकिंगची कड सपाट असल्याने वळ उठत नाही. गोल गळा उलटवताना मायेला, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाला, कात्रे मारावे लागतात किंवा बाहेरच्या गोलाईत त्रिकोण काढावे लागतात. बाहेरच्या गोलाईवर पिंकिंगने हे काम आपोआप होते, कारण प्रत्येक खाचेतून कापड आधीच निघून गेलेले असते. आतल्या गोलाईला मात्र वेगळे कात्रे द्यावेच लागतात. उलट सैल विणीचे लिनन, जॉर्जेट, शिफॉन यांना ती उपयोगाची नाही : सैल विणीत दोन धुण्यांत दात्यांची झालर होते, आणि शिफॉन दात्यांमध्ये दुमडते. तिथे फ्रेंच सीम, म्हणजे कापलेली कड आत बंद करणारी दुहेरी शिवण, घालावी.

कटिंग मात्र या कात्रीने करू नये. नागमोडी कडेवर माया नेमकी कुठून मोजायची हेच कळत नाही, दात्याच्या टोकापासून की खाचेपासून, आणि त्यात दोन-तीन मिलिमीटरचा घोळ होतो. चार तुकड्यांच्या कपड्यात तो घोळ मापात दिसतो. साध्या कात्रीने कापावे, शिवावे, इस्त्री करावी आणि मग मायेची कड पिंक करावी. १.५ सेंटिमीटर माया ठेवली असेल तर कडेचे ३ मिलिमीटर गेले तरी चालते. वारंवार धुतल्या जाणाऱ्या कपड्यात कडेपासून ६ मिलिमीटरवर मायेच्या एकेरी थरावर आधी साधी टीप घालून मग बाहेरची कड पिंक केली, तर दात्यांची झालर झाली तरी ती टिपेपाशी अडते. यात दहा मिनिटे जास्त जातात, आणि ती सार्थकी लागतात.

कापताना पाती टोकापर्यंत मिटू नयेत. टोकाकडचे दोन-तीन दाते शिल्लक असताना थांबावे, उघडावे, पुढे सरकावे आणि कापलेल्या कडेच्या शेवटच्या खाचांमध्ये पात्याचे मागचे दाते बसवून पुढचा काप घ्यावा. हे जुळवणे चुकले की जोडावर अर्धा दाता किंवा टोकदार शेपूट राहते, आणि धागा नेमका तिथून सुटतो. पात्याचा खालचा भाग टेबलावर टेकलेला असावा. हवेत धरून कापले की मनगट फिरते आणि पात्यांवर आडवा जोर येतो. पॉपलीनचे दोन थर चालतात, डेनिमचा किंवा कोटाच्या कापडाचा एकच. शिवणींच्या जाड सांध्यावरून कात्री रेटू नये. आणि कागद कापू नये. कागदात पांढरेपणासाठी आणि गुळगुळीतपणासाठी मिसळलेली खनिज पूड धार खाते. मुलांच्या हस्तकलेसाठी नागमोडी कडेच्या वेगळ्या स्वस्त कात्र्या मिळतात, त्या आणाव्यात.

खरोखरच धार गेली असेल, तर ती लावता येते, पण प्रत्येक धारवाल्याकडून नाही. कात्री देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : दगड कुठे लावणार? सपाट पट्टीला, मूळ कोन राखून, दोन्ही पात्यांना सारखेच, असे उत्तर आले तर निर्धास्त द्यावी. नाल्यांमधून कानस फिरवून देतो म्हणणाऱ्याला देऊ नये. नाल्या घासल्या की दाते आणि खाचा पुन्हा कधी जुळत नाहीत. पट्टीसुद्धा अगदी थोडीच घासायची असते. परत घेताना तिथेच अस्तराच्या एकेरी तुकड्यावर टोकापर्यंत चालवून पाहावी.

ही कात्री येण्याआधी नागमोडी कड लोखंडी ठशाने काढली जाई. कापड लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठशावर हातोडी मारायची. अमेरिकेत लुईझ ऑस्टिन यांना पिंकिंग कात्रीचे पेटंट १८९३ साली मिळाले. म्हणजे हे हत्यार तसे जुने, आणि नीट ठेवलेले जुने नग आजही कामाचे आहेत. विशेषतः जड, पोलादी पात्यांचे असतील तर ते टाकण्याआधी दोनदा विचार व्हावा.

शिवणाच्या डब्यातल्या इतर जुन्या वस्तूंबद्दल थोडे. काज कापायच्या कात्रीला स्क्रूजवळ एक खोबण असते, तिच्यामुळे कापडाची कड न कापता आतला काजच कापला जातो. लांबी लहान स्क्रूने ठरते. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी. जुन्या कात्रीत तो स्क्रू काम चालू असताना हळूहळू मागे फिरतो, म्हणून दर चार-पाच काजांनंतर मोजून पाहावे. कुरुंदाची भुकटी भरलेली छोटी उशी सुईवरचा बारीक गंज काढण्यासाठी असते. सुई दहा-बारा वेळा खुपसून काढावी, त्यात ठेवून देऊ नये. सुया ठेवायच्या उशीत लोकर उत्तम, तिच्यात राहिलेला तेलकटपणा गंजाला अटकाव करतो. कापूस ओल धरतो. ट्रेसिंग व्हीलच्या, म्हणजे कापडावर खुणा उमटवायच्या चाकाच्या, आसाला वर्षातून एक थेंब तेल द्यावे, आणि रेशमावर दातेरी चाक फिरवूच नये, धागे तुटतात. अंगुस्तानाच्या खळग्याला भोक पडले की ते बाद. दुरुस्तीच्या फंदात पडू नये, सुई थेट बोटात जाते.

ठेवण्याबद्दल शेवटचे. कात्री मिटून, तेलाचा हात पुसून, सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावी, सोबत सिलिका जेलची पुडी. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला गंजवतात. वर हलका गंज आलाच तर मशीनचे तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्यांचे स्टील वूल घेऊन फक्त बाहेरच्या बाजूने पुसावे. व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा उपायही हल्ली सर्रास सांगितला जातो. मुलामा दिलेल्या कात्रीवर तो करू नये, कारण मुलाम्याच्या भेगांतून आम्ल आत शिरते आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटू लागतो. शिवणकामावरील आपल्या सदरात पुढच्या वेळी कात्रीचा विषय आला, तर सँडपेपर आणि व्हिनेगर हे दोन उपाय कृपया छापू नयेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक