फायली रद्दीत जायच्या आत

प्रिय मित्रा,

आपल्या गावचं साप्ताहिक काढणाऱ्या अण्णांच्या धाकट्या मुलाने त्यांच्या छापखान्याची जागा विकायला काढली आहे. परवा बाजारात भेटला, तेव्हा त्यानेच सांगितलं. ट्रेडल, ते पायाने चालवायचं छपाईयंत्र, भंगारात, अक्षरांच्या खिळ्यांच्या लाकडी केसेस कुणी शोभेला नेल्या तर नेल्या, आणि साप्ताहिकाच्या अंकांच्या बांधीव फायली रद्दीत. तो काही वाईट नाही, तुला माहीतच आहे. आपल्याकडच्या पावसात त्या खोलीला कशी ओल धरते, तेही तू पाहिलंयस. पण घरी आलो ते जेवणच गेलं नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. डोंगरावरच्या गावाचं साप्ताहिक म्हणजे निविदा, निधनवार्ता आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, असं एसटी स्टँडवर सगळ्यांदेखत मला ऐकवलं होतंस आणि त्यानंतर आपण महिनाभर बोललो नव्हतो. त्याचं उत्तर मला उन्हाळ्यात अल्मोड्याला मिळालं. आता मुकाट्याने ऐक.

अल्मोडा म्हणजे उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरातलं गाव, 1,600 मीटरवरचं. तिथे 1871 मध्ये ‘अल्मोडा अखबार’ निघाला. आपल्या ‘केसरी’च्या दहा वर्षं आधी! पुढाकार बुद्धिबल्लभ पंतांचा. बरीच वर्षं तो सरकारला न दुखवता चालला. 1913 मध्ये बद्रीदत्त पांडे संपादक झाले आणि अखबाराचा सूरच बदलला. तिकडे कुली-बेगार होती: दौऱ्यावरच्या साहेबाचे तंबू-पेटारे गावकऱ्यांनी पाळीपाळीने पाठीवर वाहायचे, पेरणी असो की कापणी. कुणाची पाळी, ते वहीत लिहिलेलं. वही गावच्या प्रधानाकडे. पांडे त्यावर लिहीत राहिले, जंगलांच्या जाचक कायद्यांवरही लिहीत राहिले.

1918 मध्ये अखबाराने डेप्युटी कमिशनर लोमसवर लिहिलं. सरकारने जामिनाची रक्कम भरायला सांगितली आणि 47 वर्षांचा अखबार बंद पडला. कोंबडीची शिकार करताना साहेबाच्या गोळीने एक कुलीही जखमी झाला होता. त्यावर गढवालच्या एका पत्राने लिहिलं की बंदुकीच्या एका बारात तीन बळी गेले: कुली, कोंबडी आणि अल्मोडा अखबार. हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि लगेच पोटात कालवलंही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षी दसऱ्याला, 15 ऑक्टोबरला, त्याच गावातून ‘शक्ति’ हे साप्ताहिक निघालं. चार माणसांनी पैसे घातले, देशभक्त प्रेस उभा केला. आणि 1921 च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी बेगारीच्या त्या वह्या शरयूत फेकून दिल्या. बुडवल्याच! आता सांग, निविदा आणि वाढदिवस? 1934 मध्ये हरिप्रसाद टम्टांनी दलितांसाठी ‘समता’ काढलं, तेही अल्मोड्यातूनच. एवढ्याशा गावात! तिथल्या बाजारातून फिरताना सारखे अण्णाच डोळ्यांसमोर येत होते, शाईने काळी झालेली बोटं लेंग्याला पुसणारे.

आपलं साप्ताहिक कुणी बंद पाडलं नाही. अण्णा गेले आणि पुढचा अंक निघालाच नाही, हेच मला जास्त लागतं. पण त्या फायलींत घाटातल्या दरडीचं वर्ष आहे, पाणीयोजनेची सगळी भांडणं आहेत, शाळेचे निकाल आहेत. तुझ्या बाबांची पाणीपट्टीवरची पत्रं आहेत. ‘णी’चा खिळा कमी पडला म्हणून अण्णांनी ‘पानी’ छापलं आणि बाबा दुसऱ्या दिवशी छत्री उगारून छापखान्यात हजर! तो अंक मी काल बघून आलो. कडेला वाळवी लागलीय, पण पत्र शाबूत आहे. हे सगळं किलोच्या भावाने जाणार, आणि उद्या आपल्या गावाचं कुणाला काही लिहायचं झालं तर तो बघणार कशात?

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळते आहे, अध्यक्षांशी बोललोय. लोखंडी कपाटं आपण घ्यायची. दोन मी घेतो, दोन तुझी. ट्रेडलचं काय करायचं ते सुचत नाही, पण निदान एक केस खिळ्यांसकट ठेवू या. स्कॅनिंगचं तू बघ, तुला त्यातलं कळतं.

आईची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. तुझी बदली झाली का? लेकीच्या दहावीचे गुण कळले, आनंद झाला, तिला सांग. वहिनींना नमस्कार.

धाकटा तुझा वर्गमित्र आहे, माझ्यापेक्षा तुझं ऐकेल. पत्र मिळाल्याबरोबर त्याला फोन कर. म्हणावं, गणपती होईपर्यंत फायलींना हात लावू नकोस, आम्ही दोघं येऊन नेतो. रद्दीवाला जो भाव देईल तो मी देईन. आणि गणपतीला ये, दर वर्षीसारखी रजेची सबब सांगू नकोस.

तुझा,
मी