बंदुकीवरचा तपकिरी थर घासू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत परवान्याच्या बंदुका पूजेसाठी काढतात. मग नळीवरचा तपकिरी थर गंज समजून पॉलिश पेपरने नाहीतर चिंचेने घासला जातो. कित्येकदा तो गंज नसतोच. वर्षानुवर्षे चोळलेले करडईचे किंवा जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट झालेले असते, किंवा कुणी चकाकीसाठी वार्निश मारलेले असते.

खालचा निळसर-काळा रंग म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, गंज काढायचे ॲसिड यांपैकी काहीही लागले की तो उतरतो. पेपरने तर नळीवरचा नंबरही पुसट होतो, आणि शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ नुसार नंबर खोडणे गुन्हा आहे. स्पिरिट, ॲसिटोन, टर्पेंटाइन मात्र या पापुद्र्याला काही करत नाहीत. म्हणून थर घासायचा नाही, विरघळवायचा.

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत (तोंडातून दारू ठासून भरायच्या) जुना बार राहून गेलेला असू शकतो. गज नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. टोक कानापर्यंत (नळीच्या मागच्या बाजूचे बत्ती द्यायचे भोक) न पोचता दोन-तीन बोटे अलीकडे राहिले, तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबून परवानाधारक कारागिराकडे द्यावी.

मग दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने परीक्षा घ्यावी. स्पिरिटने पाच मिनिटांत चिकट झाले तर लाखेचे पॉलिश. ॲसिटोनने सुटले तर लॅकर. रॉकेलने ओघळले तर लष्करी साठवणीचे ग्रीस. कशानेच हलले नाही तर पक्के वाळलेले तेल किंवा ऑइल पेंट. त्याला पेंट रिमूव्हरच लागतो. लाकूड वेगळे काढावे, नाहीतर दस्त्याचे पॉलिशही जाते. रिमूव्हर जाडसर लावून वर प्लास्टिकचा कागद झाकावा. पंधरा-वीस मिनिटांत थराला सुरकुत्या पडतात. बांबूच्या चपट्या काडीने तो उचलावा, लोखंडी पातीने नव्हे. न निघाल्यास पुन्हा लावावे, जोर करू नये. शेवटी टर्पेंटाइनने पुसावे, कारण रिमूव्हरमधले मेण मागे राहते. हे सगळे अंगणात, चुलीपासून लांब. दवाखान्यातल्या पातळ हातमोज्यांतून रिमूव्हर आरपार जातो, तेव्हा रिमूव्हरच्या डब्यावर सांगितलेले, त्या रसायनाला टिकणारे हातमोजेच वापरावेत.

थर निघाल्यावर ठासणीच्या नळीवर गुळगुळीत तपकिरी रंग दिसला तर हात आवरावा. तो कारागिराने मुद्दाम गंज चढवून केलेला मूळचा रंग असतो. तो घासून नळी पांढरीफट्ट केली की जुन्या हत्याराची किंमतही गेली. भुकटी होऊन सुटणारा लाल गंज तेवढा मशीनच्या तेलात भिजवलेल्या कापडाने पुसावा.

उघडे पडलेले लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीत गंजते. त्याच दिवशी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. हे खनिज तेल वाळून थर धरत नाही. पूजेतले हळद-कुंकू आणि फुलांचे पाणीही संध्याकाळीच पुसून टाकावे. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करायची असेल, तर आधी तेलाचा हात द्यावा आणि कातडी खोळीत ठेवू नये, खोळ ओल धरते.

— एक वाचक, जि. परभणी