काल फोनवर अर्धवट राहिलेलं

प्रिय मनू,

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, मी स्केप्टिक आहे, माझा कशावरच विश्वास नाही", आणि मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला, पण रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं म्हणून लिहितोय. अगं कशावरच विश्वास नाही हाही एक विश्वासच झाला ना! ग्रीक स्केप्टिकांनी, म्हणजे जुन्या संशयवादी तत्त्वज्ञांनी, तुला पहिल्या फटक्यात बाहेर काढलं असतं. सेक्स्टस एम्पिरिकस म्हणून त्यांच्यातलाच एक वैद्य होता, त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की काहींना वाटतं सत्य सापडलं, काही म्हणतात ते सापडणारच नाही, आणि तिसरे अजून शोधतायत. स्केप्टिक हे तिसरे. तू दुसऱ्या लायनीत उभी आहेस.

त्याचंच एक उदाहरण, कावीळ झालेल्याला मध कडू लागतो. तुला आठवत नसेल, तू चौथीत होतीस तेव्हा मला कावीळ झाली होती, आजी रोज सकाळी उसाचा रस घेऊन समोर बसायची, ग्लास संपेपर्यंत उठायची नाही, आणि मला तो अक्षरशः कडू लागायचा. मी म्हणायचो खराब आहे, ती म्हणायची साखरेसारखा गोड आहे. आता खरा कोण? सेक्स्टस म्हणेल, मला कडू लागला एवढंच बोल, रस कडू आहे असं म्हणू नकोस.

आणि हे लोक म्हणजे प्लेटोच्या विरोधातली गँग असं जे तू म्हणालीस ना, ते काही बरोबर नाही. इ.स.पू. 268 च्या सुमारास आर्केसिलाउस प्लेटोच्याच अकादमीचा, म्हणजे त्याने काढलेल्या शाळेचा, प्रमुख झाला आणि त्याने ती अख्खी संस्था संशयाकडे वळवली, तेही सॉक्रेटिसचं नाव घेऊन. सॉक्रेटिस म्हणायचा मला काही कळत नाही एवढं मला कळतं, हा म्हणाला तेवढंही नको! भांडण होतं ते स्टोइक नावाच्या दुसऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांशी, कारण त्यांचं म्हणणं असं की काही अनुभव इतके स्वच्छ असतात की चूक होऊच शकत नाही. यावर स्फाएरस नावाच्या स्टोइकाची गंमत आहे, इजिप्तच्या टॉलेमी राजाने त्याच्यापुढे मेणाची डाळिंबं ठेवली, तो फसला, राजा ओरडला सापडलास! तर हा शांतपणे म्हणतो, ही डाळिंबं आहेत असं मी मानलंच नाही, डाळिंबं असावीत हे वाजवी आहे एवढंच मानलं. वकील व्हायला हवा होता हा माणूस.

पण माझा आवडता कार्निआडीस, पुढे त्याच अकादमीचा प्रमुख झालेला संशयवादी. इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सवरचा 500 टॅलेंटचा (तेव्हाचं चांदी मोजायचं मोठं माप) दंड कमी करून घ्यायला तो रोमला गेला, एक दिवस न्यायाच्या बाजूने बोलला, दुसऱ्या दिवशी तितक्याच जोरात न्यायाच्या विरोधात. रोमची पोरं खूश, तिथला म्हातारा पुढारी केटो मात्र हादरला, म्हणे यांचं काम उरका आणि लवकर घरी पाठवा. मला त्या केटोचाही राग येत नाही बरं का, बाप होता तोही.

गणपतीत येशील तेव्हा बोलू, तू एका बाजूने बोल मी दुसऱ्या, मग बाजू बदलू. आणि येताना माझं लायब्ररीचं पुस्तक आण, रोज दंड चढतोय आणि तो कमी करायला माझ्याकडे कोणी कार्निआडीस नाहीये.

बाबा