बाबा, टाचा जरा जवळ घ्या

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई फोनवर म्हणाली की बाबांनी ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायचा व्यायाम, करायचं सोडूनच दिलं, कंबर उचलली की मांडीच्या मागे गोळा येतो म्हणून. बाबा, प्लीज सोडू नका, मी दिवसभर पेशंटना हेच शिकवते आणि तुम्हीच मध्येच थांबलात तर मला फार वाईट वाटेल.

तो गोळा येतो ना, ते हॅमस्ट्रिंग. बसल्यावर जमिनीला टेकतं त्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जाणारे स्नायू, म्हणजे ते कंबरेखालचा सांधाही हलवतात आणि गुडघाही. ब्रिजमध्ये कंबर उचलायचं मुख्य काम सीटच्या मोठ्या स्नायूचं, ग्लूटचं, पण टाचा लांब असल्या की हॅमस्ट्रिंगच पुढे होऊन सगळा भार ओढतं. 2017 च्या एका अभ्यासात एका पायाच्या ब्रिजमध्ये स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून मोजलं होतं, गुडघा 90 अंशात वाकवला तेव्हा हॅमस्ट्रिंग त्याच्या पूर्ण ताकदीच्या साधारण 75 टक्के काम करत होतं, 135 अंशात, म्हणजे टाच सीटच्या आणखी जवळ घेऊन, वाकवला तर 23-24 टक्क्यांवर आलं, आणि ग्लूटचं काम मात्र फारसं कमी झालं नाही. ती माणसं तरुण आणि धडधाकट होती, त्यामुळे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत, पण युक्ती तीच.

तर टाचा सीटच्या जवळ घ्या, गुडघा दुखणार नाही इतपतच, आणि दोन्ही पाय जमिनीवर. आधी सीट आवळा, मग कंबर उचला, खांदे ते गुडघे सरळ रेष झाली की बास, त्याच्या वर गेलात की कमान पडते आणि ताण परत कंबरेवर. श्वास चालू ठेवा.

चार पायांवर येऊन एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करायचा तो बर्ड-डॉगही चालू ठेवा. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल, ज्यांनी मणक्यावर आयुष्यभर काम केलं, ते सांगतात की एका वेळी 10 सेकंदांच्या आतच धरायचं, जास्त वेळ धरण्यापेक्षा जास्त वेळा करायचं. इथे पाय मागे धरायला हॅमस्ट्रिंग लागतंच, ते लागणं वाईट नाही, त्याचा एक भाग लिगामेंटमधून (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यातून) माकडहाडाच्या वरच्या हाडाशी जोडलेला असतो आणि कंबरेला आधार देतो. मला फक्त एवढंच हवंय की त्यानं ग्लूटचं काम करू नये.

आणि बाबा, मांडी आखडली म्हणून सकाळी उठल्या उठल्या वाकून पायाची बोटं धरणं बंद करा, त्या वेळी मणक्याच्या गाद्या पाण्यानं फुगलेल्या असतात आणि वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो.

आई, तू बाजूनं एक व्हिडिओ काढून पाठव, टाचा आणि कंबर दोन्ही दिसू देत. पायात मुंग्या वाढल्या, पाऊल उचलता येईना, किंवा लघवीचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर व्हिडिओ वगैरे नको, मला न विचारता लगेच हॉस्पिटलला न्यायचं.

तुमची,
चिऊ