सान हुआनच्या सहलीचा चुकीचा आराखडा आणि कापून घेतलेल्या रकमेबाबत तक्रार

दिनांक : 15 जानेवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 8 ते 13 फेब्रुवारी 2025 च्या सान हुआन (पोर्तो रिको) सहलीबाबत दिलेली चुकीची माहिती व परतावा

महोदय,

मी नाशिकची निवृत्त इतिहास शिक्षिका. आमची मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे जाऊन तिथून चार दिवस जुन्या सान हुआनला जावे, असे आम्ही ठरवले. आम्ही दोघे, थोरले दीर आणि जाऊबाई, असे चौघे. मुलगी तिकडून सोबत येणार होती. आपल्या कार्यालयात 1,20,000 रुपये आगाऊ भरले आणि त्याशिवाय सहलीचा आराखडा आखून देण्याचे 8,500 रुपये वेगळे भरले. या 8,500 रुपयांची पावती मी मुद्दाम जपून ठेवली आहे, कारण ते पैसे माहितीचे होते.

18 ऑक्टोबरला आपल्या प्रतिनिधीला मी फोनवर स्पष्ट विचारले की, आमच्या दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, पण दीर-जाऊबाईंचे पासपोर्ट कोरे आहेत, त्यांचे काय? उत्तर मिळाले, "काकू, कॅरिबियन बेट आहे, भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. निर्धास्त राहा." बोलण्याचे राहू द्या. आपल्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर "व्हिसा : आवश्यक नाही" असे छापलेले आहे.

पोर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथल्या लोकांना 1917 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तिथे डॉलर चालतो आणि न्यू जर्सीहून तिथे जाणे म्हणजे देशांतर्गत विमानप्रवास. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तिथे पाऊल ठेवता येत नाही. बरे, पोर्तो रिकोचे सोडा, आपण दीर-जाऊबाईंची तिकिटे काढलीत ती अमेरिकेतल्या नेवार्कमार्गे! नेवार्कला नुसते विमान बदलायचे म्हटले तरी व्हिसा लागतोच. तिकीट काढणाऱ्याने तिकिटावरचे शहराचे नावही वाचले नाही का? 2 जानेवारीला मुलीने चौघांच्या व्हिसाच्या प्रती मागितल्या, तेव्हा हे उघडकीस आले. इतक्या उशिरा मुलाखतीची तारीख मिळणार कुठून? त्या दोघांचे जाणे रद्द झाले. त्यावर 6 जानेवारीच्या मेलमध्ये आपण कळवता की "व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी आहे", आणि त्यांच्या 60,000 रुपयांतून 42,000 कापून घेता.

त्यानंतर मी आराखडा वही तपासावी तसा तपासायला घेतला. मुखपृष्ठावरचे छायाचित्र हवानाचे आहे, जुन्या रंगीत मोटारींसकट. हवाना क्यूबात आहे. हे मी हसून सोडून दिले असते.

पण किल्ल्यांचे काय? मी जाणार होते तीच मुळी किल्ल्यांसाठी. सिंधुदुर्गाची पायाभरणी 1664 ची, तर सान हुआनच्या एल मोरोचे काम त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, 1539 मध्ये सुरू झाले. समुद्रावर चढत गेलेला सहा पातळ्यांचा किल्ला आहे तो. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला या किल्ल्याच्या तोफांनी माघारी लावले. 1625 मध्ये डचांनी शहर जाळले, पण मोरो त्यांच्या हाती लागला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीकडून येणाऱ्या शत्रूसाठी, सान क्रिस्तोबाल आहे. तो तर स्पॅनिशांनी अमेरिका खंडात बांधलेल्या किल्ल्यांत सर्वांत मोठा. या दोन्ही किल्ल्यांना मिळून आपण वेळ दिला आहे सकाळी 10 ते 11.30, आणि पुढे लिहिले आहे "फोटो स्टॉप". मोरोपुढचे मोकळे माळरान, जिथे लोक पतंग उडवतात, ते ओलांडून दारापर्यंत पोहोचायलाच माझ्या गुडघ्यांना पाव तास लागेल. त्यावर तिकिटाचे आपण माणशी 25 डॉलर लावलेत. प्रत्यक्षात 10 डॉलरच्या एकाच तिकिटावर 24 तासांत दोन्ही किल्ले पाहता येतात. दीड तासात दोन किल्ले उरकायचे आणि भाव मात्र अडीचपट?

शेवटच्या रात्री, म्हणजे 12 फेब्रुवारीला, व्हिएकेस बेटावरची चमकणारी खाडी ठेवली आहे. पाणी हलले की त्यातले सूक्ष्म जीव निळसर उजेड देतात, तो पाहायचा तर काळोख हवा. 12 फेब्रुवारीला माघ पौर्णिमा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा मान वर करून पाहिले असते तरी पुरले असते. पौर्णिमेच्या आसपास तिथले बरेच नाववाले फेऱ्याच ठेवत नाहीत. शिवाय व्हिएकेसची फेरीबोट फाहार्दोहून सुटते असे आपण लिहिले आहे. ती 2018 पासून सेइबाहून सुटते. आम्ही सामान घेऊन भलत्याच धक्क्यावर उभे राहिलो असतो.

हॉटेल "जुन्या शहरात, किल्ल्यापासून चालत अंतरावर" असे आहे. पत्ता मात्र इस्ला व्हेर्देचा, विमानतळाच्या शेजारचा, जुन्या शहरापासून आठ-दहा किलोमीटर लांब. आणि जाऊबाई माळकरी आहेत हे अर्जात लिहिलेले असताना त्यांच्यासाठी "स्थानिक शाकाहारी खासियत" म्हणून मोफोंगो सुचवला आहे. कच्च्या केळ्यांचा तो पदार्थ बहुधा डुकराच्या मांसाच्या कुरकुरीत तुकड्यांसोबत कुटून करतात. जाऊबाई जात नाहीत, म्हणून निदान त्यांची माळ तरी वाचली.

तरी कृपया पुढीलप्रमाणे करावे. दीर-जाऊबाईंचे कापलेले 42,000 रुपये धरून त्यांचे पूर्ण 60,000 परत द्यावेत. आराखड्याचे 8,500 परत करावेत, कारण तो आता मुलगी आणि मी नव्याने करत आहोत. आम्हा दोघांची किल्ल्यांच्या तिकिटांची जादा रक्कम, माणशी 15 डॉलर, परत मिळावी. आमचे हॉटेल तटबंदीच्या आतले, जुन्या शहरातले, त्याच दरात बदलून द्यावे. हॉटेलचे उत्तर 22 जानेवारीपर्यंत आणि पैसे 31 जानेवारीपर्यंत हवेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. 1915 या हेल्पलाइनवर प्राथमिक नोंद कालच केली आहे.

आपल्या प्रतिनिधीला नोकरीवरून काढावे अशी माझी मागणी नाही. मुलगा बोलायला गोड आहे. त्याला नकाशा द्या.

आपली,
(सही)
बुकिंगधारक, नाशिक

सोबत : दोन्ही पावत्या, आराखड्याची प्रत, 6 जानेवारीचा मेल, तिकिटांच्या प्रती, आणि कालनिर्णयाच्या फेब्रुवारी महिन्याच्या पानाची झेरॉक्स (12 तारखेला लाल गोल केला आहे).