४५ दात्यांचं स्प्रॉकेट घेऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तू बनवतोयस त्या गो-कार्टचा (छोट्या, बुटक्या इंजिनगाडीचा) रंग, सीट, स्टिअरिंग यांवर तीन पानं, आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन जिच्यावर चढते ती दातेरी चकती, मात्र एका ओळीत उरकलंयस: "४५ दात्यांचं घेतोय, पन्नास तरी पळेल." थांब जरा. हे मी करून बसलोय.

हिशेब तुझा चुकलेला नाही, माझाही नव्हता. मागचे दाते भागिले पुढचे (क्लचवरच्या छोट्या स्प्रॉकेटचे), म्हणजे ४५ भागिले १२, रेशो ३.७५: इंजिनचे इतके फेरे झाले की मागच्या एक्सलचा, म्हणजे चाकांच्या दांड्याचा, एक. इंजिन ३६०० आरपीएमला (मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर) असताना एक्सलचे मिनिटाला ९६० फेरे, टायरचा घेर ८८ सेंटीमीटर, की आले ताशी ५० किलोमीटर. कागदावर! प्रत्यक्षात गाडी जागची हलतानाच कुंथायची. थोड्याच वेळात क्लचमधून धूर. उघडला तर ड्रम, म्हणजे क्लचचं बाहेरचं भांडं, तापून निळा पडलेला.

गोम अशी, की आपला सेंट्रिफ्युगल क्लच इंजिनच्या फिरण्याच्या जोरावर आपोआप पकडतो, आणि तो पुरता पकडतो साधारण २००० आरपीएमला, आणि ३.७५ रेशोवर तेव्हा गाडीचा वेग असायला हवा २८. त्याच्या आत सगळा वेळ क्लच घसरणार. वळणावर हळू झालास की पुन्हा घसरणार. टॉप स्पीड काढताना हा दुसरा आकडा मी काढलाच नव्हता. मागे ७२ लावलेस तर रेशो ६ होतो आणि क्लच १८ च्या आतच पकडतो. टॉप स्पीड ३२ वर येतो, मान्य, पण तो खरोखर गाठता येतो. ओढही वाढते: इंजिनच्या १२ न्यूटन-मीटरचे एक्सलवर ४५ ऐवजी ७२ होतात.

मी शेवटी ६० दात्यांवर थांबलो, कारण माझी जागा सपाट नि मोकळी. तुझ्याकडे चढ आहे, वळणंही आखूड. तुला रेशो ६ च हवा.

फक्त ३५ नंबरच्या (या मापाच्या) चेनचं ७२ दात्यांचं स्प्रॉकेट जवळजवळ २२ सेंटीमीटर व्यासाचं, आणि तुझा टायर २८ चा. चेनखाली जेमतेम अडीच सेंटीमीटर उरतात. एखादा दगड पुरे. पुढे १० दात्यांचा क्लच मिळाला तर मागे ६० लावूनही रेशो ६ च येतो आणि स्प्रॉकेट १८ सेंटीमीटरवर भागतं. छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर झिजते, ते सोसायचं. एवढं ध्यानात ठेव, की रेशो ६ च्या आसपास पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागचे साधारण सहा वाढवणं.

आणि टायरचा घेर गणिताने काढू नकोस. टायरवर खडूची खूण कर, सीटवर बस, कुणाला तरी एक फेरा ढकलायला सांग आणि जमिनीवरचं अंतर मोज. वजनाने टायर दबतो, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. तो कळव, मग नक्की काय घ्यायचं ते ठरवू.

आणि ४५ चंच लावून बघायचं असेल तर विकत घेऊ नकोस. माझं पडून आहे.

तुझाच,
निळ्या ड्रमचा मालक